वायपर बदललेस का गं?

थंडी म्हटली की आपल्याकडे मजा असते. हुरडा, वांग्याचं भरीत, तिळगूळ, उन्हात पाठ शेकत वाचलेला पेपर. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही अमेरिकेत, मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ राहायला आलो, तेव्हा मला कळलं की थंडी हे एक कामही असतं. पापड-कुरडयांसारखं, वेळेत हातावेगळं करावं लागणारं. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच जाड कोट, बूट, बर्फ ओढायचं फावडं बाहेर निघतं. आणि त्याच सुमारास गाडीच्या पुढच्या काचेवरचे वायपरही बदलायचे असतात. आज त्याबद्दलच लिहिणार आहे.

‘वायपर? हा काय बायकांच्या पुरवणीचा विषय झाला?’ असं कुणी म्हणेल. माझ्या मते तो बायकांचाच विषय आहे. का, ते सांगते.

मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेली गृहिणी. इंजिनाचं शास्त्र मला विचारू नका. पण गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या एका स्वयंसेवी गटाबरोबर काम करते. ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचं आणि परत आणायचं, हे आमचं काम. आमच्या उपनगरात बस जवळजवळ नाहीच. गाडी नाही तर माणूस घरात अडकलं, असा सरळ हिशेब. माझ्या फेरीत ८४ वर्षांच्या एक अमेरिकन आजी आहेत. त्यांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लागतं. बाहेर बर्फाचं वादळ असो, नाहीतर ऊन पडलेलं असो, रक्त शुद्ध व्हायला लागतंच. तिथे ‘आज जरा नको, उद्या बघू’ चालत नाही. त्यामुळे जानेवारीतल्या अंधाऱ्या सकाळी साडेसहाला गाडी काढायची आणि समोरचं स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढी एक गोष्ट मी पक्की धरून ठेवली आहे.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ पडतो तो पांढराशुभ्र आणि भुरभुरीत, त्याने काच कशी काय खराब होते? खरा त्रास पडणाऱ्या बर्फाचा नसतोच, पडून गेलेल्याचा असतो. रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून इथे मीठ टाकतात. अगदी ट्रक भरभरून. गंमत म्हणजे डेट्रॉइट शहराच्या पोटातच, सुमारे १२०० फूट खोल, मिठाची खाण आहे. वर मोटारींचे कारखाने आणि खाली मीठ! या मिठाने बर्फ वितळतो आणि रस्त्यावर करडा, खारट चिखल तयार होतो. हायवेवर पुढचा ट्रक तो चिखल मागच्या गाडीवर उडवतो. एका क्षणात काच अशी होते, जणू कुणी राखेच्या पाण्याने सारवली आहे. गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटर आणि समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्या वेळी तुमच्या हाताशी दोनच गोष्टी असतात. काचेवर पाण्याचा फवारा मारायचं बटण आणि वायपर.

आमच्याकडे लग्न होऊन नव्याने आलेल्या मुली बऱ्याच असतात. नवरा नोकरीला, ही डिपेंडंट व्हिसावर. हुशार, शिकलेल्या मुली. काही जणी पुण्या-नागपूरच्या रहदारीत स्कूटर चालवून तयार झालेल्या. उन्हाळ्यात त्या भराभर लायसन्स काढतात. मग नोव्हेंबर येतो आणि त्यांतल्या कितीतरी जणी गाडीची किल्ली खुंटीला लावून टाकतात, ती थेट एप्रिलपर्यंत. पाच महिने! वाचनालय बंद, इंग्रजीचा वर्ग बंद, मुलाला बागेत-क्लबात नेणं बंद. शनिवार-रविवारी नवऱ्याला वेळ असेल तेव्हाच काय ते बाहेर. चार भिंतींत, खिडकीबाहेर पांढरं जग बघत बसून मनाचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून मी वायपरबद्दल बोलते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीतली अशीच एक मुलगी, नागपूरकडची. नाव मुद्दामच लिहीत नाही. नवरा कामानिमित्त परगावी. लेक पाच वर्षांची, मागच्या सीटवर. डिसेंबरची दुपार. हायवेवर शेजारून एक ट्रक गेला आणि काच झाकली गेली. हिने फवाऱ्याचं बटण दाबलं. आतून नुसता घूं-घूं आवाज, पाणी काही येईना, कारण ते गोठलेलं होतं. वायपर चालू केले तर त्यांनी चिखल पुसण्याऐवजी सगळीकडे सारखा पसरवला. मागून गाड्यांचे हॉर्न. तिने बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढून, चारही दिवे लुकलुकते ठेवून गाडी कशीबशी कडेला घेतली आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा लेक मागे गाणी म्हणत होती आणि हिचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मला म्हणाली, ‘‘ताई, मी नाही चालवणार आता. हा माझा देश नाही.’’

पुढचे तीन आठवडे ती खरोखरच घराबाहेर पडली नाही. मग एका शनिवारी मी तिच्या दारात गाडी उभी केली आणि म्हटलं, ‘‘देशाचं नंतर बघू. आधी तुझं बॉनेट उघड.’’

उलगडा पाच मिनिटांत झाला. ज्या गॅरेजमध्ये त्यांनी ऑइल बदलून घेतलं होतं, तिथे फवाऱ्याच्या टाकीत उन्हाळ्यातलं पाणी भरून दिलेलं होतं. दिसायला निळं, पण दुकानातलं हे सगळंच पाणी बहुधा निळं असतं! फरक लेबलावर असतो. ज्यावर ३२ अंश फॅरनहाइट लिहिलंय, ते पाणी गोठायला लागतं तिथेच, म्हणजे शून्य सेल्सिअसला, गोठतं. हिवाळ्यासाठी उणे २० फॅरनहाइटचं, म्हणजे आपल्या हिशेबात उणे २९ सेल्सिअसचं घ्यायचं. हे काही उगाच जास्तीचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये ध्रुवावरची थंड हवा खाली उतरली होती, तेव्हा डेट्रॉइटचा पारा उणे १० फॅरनहाइटच्याही खाली गेला होता. टाकीत उन्हाळ्याचं उरलेलं असेल तर ते आधी फवारून संपवायचं, कारण त्यात हिवाळ्याचं ओतलं की दोन्ही मिळून पातळ होतात आणि मधल्याच कुठल्या तरी अंशावर गोठतात. आणि एक, या पाण्यात मिथेनॉल असतं. ते विषारी आहे. बाटली मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवायची नाही.

वायपरचं दुखणं वेगळं होतं. गाडी जुनी घेतलेली आणि वायपर गाडीबरोबरच आलेले. रबराची कड बोटाने चाचपली तर कडक आणि मधूनमधून चिरलेली. वायपरची सगळी करामत त्या बारीकशा कडेत असते, बरं का. काचेवरून जाताना ती एका बाजूला झुकते आणि परत येताना उलटून दुसऱ्या बाजूला. थंडीत रबर ताठरलं की ती उलटत नाही, मग टर्रर्र असा आवाज करत उड्या मारते. काचेवर बारीक रेघा राहिल्या तर कड चिरली आहे. पट्टाच्या पट्टा पुसायचा राहिला तर दांडा काचेवर नीट टेकत नाही. धूसर, तेलकट फरांटा उठला तर काच किंवा रबर मळलं आहे. दुखणं ओळखायला एवढी तीन लक्षणं पुरतात.

मग आम्ही दोघी गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. भिंतभर वायपर टांगलेले. बॉश, रेन-एक्स, ट्रायको, मिशेलिन. साड्यांच्या दुकानात शिरावं तसं वाटतं. पण साड्यांसारखेच यांचेही मुळात दोन-तीनच प्रकार असतात, बाकी सगळं नावांचं.

पहिला जुना, सांगाड्याचा. धातूची कमान, तिला लहान लहान कमानी, आणि त्यांनी चार-सहा ठिकाणी रबर काचेवर दाबून धरलेलं. सगळ्यांत स्वस्त. पावसाला उत्तम. पण हिवाळ्यात त्या सांध्यांमध्ये बर्फ बसतो. सांधे आखडले की कमान वाकत नाही, आणि काच तर गोलाकार. मग वायपर मधलं पुसतो आणि कडांचं सोडतो. आपले गुडघे थंडीत धरतात ना, तसंच.

दुसरा खास हिवाळ्याचा. सांगाडा तोच, पण त्याच्यावर रबराचा मोजा चढवलेला. म्हणजे सांध्यांत बर्फ शिरायला वावच नाही. हा भरवशाचा असतो. पण जाड आणि जड असल्यामुळे वाऱ्याला अडतो. त्यामुळे वसंत आला की काढून ठेवायचा.

तिसरा बिनसांगाड्याचा. आत स्प्रिंगसारखी वाकवलेली पोलादी पट्टी आणि तिच्याभोवती रबर. बर्फाला धरून बसायला फटी नाहीत, आणि दाब टोकापासून टोकापर्यंत सारखा. बारा महिने चालतो, किंमत मात्र साध्यापेक्षा जास्त. सांगाड्यावर प्लॅस्टिकचं कवच घातलेला, दोन्हींच्या मधला असाही एक मिळतो.

शिवाय रबर कसलं, हेही बघायचं. साधं नैसर्गिक रबर थंडीत लवकर कडक होतं. सिलिकोनचं जास्त दिवस मऊ राहतं आणि महाग असतं. माझा स्वतःचा निर्णय सोपा आहे. रोज गाडी बाहेर उभी राहणार असेल, आणि पहाटे कामावर निघायचं असेल, तर हिवाळ्याचा मोजेवाला किंवा बिनसांगाड्याचा घ्यावा. गाडी गॅरेजमध्ये राहत असेल आणि जाणं-येणं गावातल्या गावात असेल, तर साधेच नवेकोरे वायपरही काम करतात. महागडा पण तीन हिवाळे जुना, यापेक्षा स्वस्त पण नवा बरा. रबर सहा महिने ते वर्षभर टिकतं, त्यापुढे नाही.

माप हा मात्र अंदाजाने घ्यायचा विषय नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा आणि शेजारचा, दोन्हींची लांबी बऱ्याच गाड्यांत वेगवेगळी असते, एक २६ इंच तर दुसरा १८. लांब घेतला तर दोघे एकमेकांवर आपटतात. आखूड घेतला तर नेमका कोपरा पुसायचा राहतो. गाडीच्या पुस्तिकेत माप असतं, आणि दुकानातही गाडीचं नाव, मॉडेल, साल सांगितलं की काढून देतात. मागच्या काचेला वायपर असेल तर त्याचंही माप तेव्हाच विचारून घ्यावं. बहुतेक मोठ्या दुकानांत बसवूनही देतात, त्याचे पैसे पडत नाहीत. पण त्या दिवशी आम्ही ‘नको, आम्हीच बसवतो’ म्हटलं. दांडा उभा करायचा आणि लगेच काचेवर जाड टॉवेल पसरायचा, कारण रिकामा दांडा सटकन खाली आला तर काच तडकते. खिटी दाबून जुना ओढून काढायचा, नवा आकड्यात सरकवायचा, ‘टक्’ असा आवाज आला की झालं. पहिल्या वायपरला तिला दहा मिनिटं लागली, दुसऱ्याला एक. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही आलं, ते मला लायसन्स मिळाल्याच्या दिवशीही दिसलं नव्हतं.

परत येताना मी तिला एक गोष्ट सांगितली. या वायपरचं पेटंट घेणारी सुरुवातीच्या काळातली एक बाई होती. मेरी अँडरसन तिचं नाव. राहणार अलाबामाची, म्हणजे जिथे बर्फ फारसा पडत नाही अशा दक्षिणेतली. १९०२-०३ च्या हिवाळ्यात ती न्यूयॉर्कला गेली असताना ट्राममधून फिरत होती. काचेवर बर्फ साचत होता आणि बिचाऱ्या चालकाला समोरचं दिसावं म्हणून काच उघडून थंडी अंगावर घ्यावी लागत होती. बाकीच्या प्रवाशांनीही ते पाहिलंच असेल. हिने घरी जाऊन आराखडा काढला. आतून फिरवायची एक मूठ आणि बाहेर रबर लावलेला हात. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला पेटंट मिळालं. १९०५ मध्ये तिने ते कॅनडातल्या एका कंपनीला विकायचा प्रयत्न केला, तर ‘याला बाजारात काही किंमत नाही’ असं उत्तर आलं. पेटंटची मुदत १९२० मध्ये संपली. १९२२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आपल्या गाड्यांना वायपर कायमचे बसवायला सुरुवात केली. मेरीला त्यातून एक पैसा मिळाला नाही. १९५३ मध्ये ती गेली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधकांच्या सन्माननामावलीत तिचं नाव आलं ते २०११ मध्ये! १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवुड नावाच्या आणखी एका बाईने विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं होतं, तिचीही कहाणी साधारण अशीच.

आणि थांबून थांबून फिरणारा वायपर? तो आमच्या डेट्रॉइटचा. वेन स्टेट विद्यापीठात शिकवणाऱ्या रॉबर्ट कर्न्स यांचा. पापणी जशी मधूनच लवते, तसा वायपर का नसावा, हा त्यांचा विचार. त्यांना आपल्या हक्कासाठी बड्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. १९९० मध्ये ज्युरीने फोर्डविरुद्ध त्यांच्या बाजूने कौल दिला. ते सगळं ऐकून ती मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे ताई, पहिली बाईच होती आणि आपण म्हणतो, गाडीचं नवऱ्याला विचारते!’’ मी काही बोलले नाही. हे तिचं तिलाच सुचलं, त्यातच सगळं आलं.

वायपर चांगले घेतले म्हणजे संपलं, असं मात्र नाही. चांगली कढई घेतली तरी ती घासावी लागतेच. माझ्या डायलिसिसच्या आजी तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात कामाला होत्या. त्या गाडीत बसल्या की आधी माझी परीक्षा घेतात. त्यांची पहिली शिकवण म्हणजे, गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करून त्याला जागेवर येऊ द्यायचं. नाहीतर रात्रीत तो काचेला चिकटतो, सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर मोटर त्याला ओढायला लागते आणि फ्यूज तरी उडतो नाहीतर सांधा तरी तुटतो. दुसरी, वायपर हे फावडं नव्हे. आधी आतून गरम हवा काचेवर सोडायची, मग ब्रशने बर्फ झाडायचा, प्लॅस्टिकच्या खरवडणीने उरलेला काढायचा, आणि सगळ्यांत शेवटी वायपर. टपावरचा बर्फही झाडायचा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा घसरून काचेवर येतो किंवा मागच्याच्या अंगावर उडतो.

आपल्या बायकांना दोन मोह होतात, तेही सांगून ठेवते. एक म्हणजे पातेलंभर गरम पाणी ओतायचा. कृपा करून करू नका, गोठलेली काच गरम पाण्याने तडकते. दुसरा मोह उलथन्याचा. एका मैत्रिणीने पोळीच्या उलथन्याने बर्फ काढला, तो ओरखडा अजून तिच्या काचेवर सूर्यास्ताच्या वेळी चमकतो. रात्री वायपर उभे करून ठेवावेत की नाही, यावर इथे दोन पक्ष आहेत. गोठणारा पाऊस येणार असेल तर मी उभे करते, जोराचा वारा असेल तर नाही, कारण वाऱ्याने दांडा आपटू शकतो. आठवड्यातून एकदा फवाऱ्याचंच पाणी कापडावर घेऊन रबराची कड पुसते. काळं-पांढरं काय काय निघतं, त्यात मीठच जास्त. काच आतूनही पुसते. तिच्यावर बसलेला पातळ थर समोरून दिवे आले की डोळ्यांवर पसरतो. आणि डिकीत त्या निळ्या पाण्याची एक जादा बाटली ठेवते. मोठ्या प्रवासात ती संपतेच.

हे सगळं वाचून इकडे महाराष्ट्रात बसलेल्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला काय त्याचं? बर्फ नसला तरी तुमच्याकडे घाट आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर भाजून निघतं आणि जूनच्या पहिल्या पावसात, खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या धुक्यात, तेच वायपर तुमच्या भरवशाचे असतात. मे संपता संपता एकदा ती कड बोटाने चाचपून बघा. त्याला फार तर अर्धा मिनिट लागतो.

ती नागपूरची मुलगी आता आमच्या गटात आहे. मंगळवारची फेरी तिची असते. मागच्या हिवाळ्यात एकदा मला ताप आला होता आणि बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता. डायलिसिसच्या आजींना तीच घेऊन गेली. संध्याकाळी आजींचा मला फोन आला. म्हणाल्या, ‘‘मुलगी बरी आहे. वायपर बंद करून मगच गाडी बंद करते.’’ त्यांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मी अजून ऐकलेलं नाही.

तुमच्यापैकी अनेकींच्या लेकी-सुना थंड मुलखांत राहतात. रविवारी व्हिडिओवर बोलताना आपण विचारतो, जेवलीस का, स्वेटर घातलास का, अंगावर कोट आहे ना. या नोव्हेंबरात आणखी एक प्रश्न विचारा, ‘‘वायपर बदललेस का गं?’’ आणि ‘‘ह्यांना सांगते’’ असं उत्तर आलं, तर म्हणा, ‘‘त्यांना कशाला? टॉवेल घे आणि तूच बदल.’’